काडीच्या पाच हजेऱ्या

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, गेल्या त्याला दहा दिवस झाले होते, आणि त्या दहा दिवसांत लोक त्यांच्याबद्दल इतकं गोड बोलले की माझे कान किटले. ज्या मास्तरांनी त्यांच्या हयातीत त्यांना पाठीमागे 'जेलर' म्हटलं, तेच आता डोळ्यांना रुमाल लावून 'आईसारख्या होत्या हो' म्हणत फिरत होते. बाई आईसारख्या मुळीच नव्हत्या. आई कधीतरी थकते, कधीतरी म्हणते, जाऊ दे बाई, आज राहू दे. मोठ्या बाईंच्या तोंडून 'राहू दे' हा शब्द मी अठ्ठावीस वर्षांत ऐकला नाही.

शोकसभा शनिवारी दुपारी चारला, शाळेच्याच सभागृहात होती. बोलणाऱ्यांच्या यादीत शेवटचं नाव काडीचं होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. तिला ऐकू येत नाही. ती अकरा वर्षांची असताना तिचे कान गेले, आणि ते गेले त्यात माझा हात होता. हे तिला माहीत नव्हतं. ती बोलायला उभी राहण्याआधी मला ते तिला सांगायचं होतं. नंतर सांगेन म्हटलं तर मी सांगणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकवीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

काडी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. उंच, किडकिडीत, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी. मुलांनी ठेवलेलं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. बाप ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आई एका कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. पोरगी इतकी नियमित की शिपाईमामा तिला फाटकात पाहून घंटा द्यायला उठायचे. दोन वर्षांत एक दिवस गैरहजर नाही.

आता बाईंचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. मूल दोन दिवस शाळेत आलं नाही, की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई त्याच्या दारात. शिपायाला पाठवायच्या नाहीत, चिठ्ठी नाही, फोन नाही. स्वतः. सपाट तळाचे काळे बूट, हातात पर्स, काखेत तपासायच्या वह्या. मूल समोर आणल्याशिवाय चहाला हात लावायच्या नाहीत. एकदा एका बापाने मुलाला गॅरेजमध्ये कामाला लावलं होतं. बाईंना पाहून तो न्हाणीघरात जाऊन लपला. बाईंनी दाराशी स्टूल ओढलं आणि वह्या तपासायला घेतल्या. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला, तेव्हा बाई नुसत्या म्हणाल्या, "उद्या सात वाजता. डबा देऊन पाठवा." मुलगा दुसऱ्या दिवशी पावणेसातला वर्गात होता.

अशी वीस वर्षं गेली, आणि वस्तीला त्याची सवय झाली. सवय फार वाईट. घरात काही अडलं, नवरा-बायकोचं फाटलं, पोराला ताप आला, की लोक म्हणायचे, परवा बाई येतीलच, त्या सांगतील तसं करू. आम्हाला शिक्षकांना याचा अभिमान वाटायचा. त्यात काय धोका आहे हे आमच्या डोक्यात आलं नाही.

मी गणित शिकवते. गणिताच्या माणसाला एक खोड असते, जे रोज घडतं ते उद्याही घडणार असं तो धरून चालतो. मी हजेरी घेताना सगळी नावं पुकारत नसे. जी पाच-सहा पोरं दांडीबहाद्दर, त्यांचीच नावं घ्यायची, बाकीच्यांच्या पुढे सरळ 'ह' टाकत जायचं. वेळ वाचतो. त्या आठवड्यात तर तेवढंही केलं नाही. क्रीडादिनाची तालीम चालली होती, पहिला तास सगळी शाळा मैदानावर, आणि हजेरीपट मात्र साडेनऊच्या आत कार्यालयात पोचलाच पाहिजे. मी शिक्षक-खोलीत बसून, चहा पीत, तो आठवणीने भरला. सोमवार ते शुक्रवार. काडीच्या नावापुढे पाच 'ह'. तिच्या नावाशी तर पेन थांबायचं कारणच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी वह्या वाटताना एक वही हातात उरली. मी म्हटलं, "काडी कुठे गेली?" पुढच्या बाकावरची एक ठेंगणी मुलगी म्हणाली, "बाई, ती सोमवारपासून नाहीये." तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं.

मी धावत बाईंच्या खोलीत गेले. काय बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण ते खोटं होतं. "बाई, काडी आली नाही. दोन-तीन दिवस झाले वाटतं." बाईंनी हात लांब करून रॅकमधला आमच्या वर्गाचा हजेरीपट काढला, पान उघडलं, पाहिलं. मिटला. टेबलाच्या खणात ठेवला. मग पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चला."

काडीचं घर म्हणजे एक खोली आणि तिला लागून पत्र्याचं स्वयंपाकघर. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, मान ताठ, ओठ सुकलेले. उशाशी औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट होतं. आईने दारात बाईंना पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "बाई, तुम्ही बुधवारी याल म्हणून थांबले हो! ही म्हणत होती, आई, डॉक्टरकडे नको, उद्या बाई येतील. मग गुरुवारी वाटलं, कामात असतील. किती वाट बघितली तुमची!"

बाई सरळ आत गेल्या. पोरीला त्यांनी पांघरुणासकट उचललं. अकरा वर्षांची उंच मुलगी, आणि बाई तेव्हा बावन्नच्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुम्ही रिक्षा बघा."

मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. जीव वाचला. दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांनी काडीच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, मग स्टीलची वाटी आपटली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टर तरुण होते, हातातली वाटी उलटसुलट करत राहिले. शेवटी म्हणाले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर..." बुधवार ते शुक्रवार दोनच दिवस होतात. एवढं गणित मला येत होतं.

आता मला बोलावतील, असं मी रोज धरून चालले होते. हजेरीपट सोमवारी परत रॅकमध्ये आला होता. पाच 'ह' जसेच्या तसे. खाडाखोड करायची तर मुख्याध्यापकांची सही लागते, आणि सही मागायची तर तोंड उघडावं लागतं. मी उघडलं नाही. महिन्याअखेरी बेरीज आली, उपस्थिती पूर्ण, आणि तळाशी बाईंनी सही केली. ती सही पाहून मी मनात म्हटलं, सुटले. असं म्हणणारी मी कोण नीच बाई, असा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आईबाप काडीला घरी बसवणार होते. बहिऱ्यांची शाळा दुसऱ्या शहरात, तिथे एकटीला ठेवायला ते तयार नव्हते. बाई म्हणाल्या, "ती याच शाळेत शिकेल." शिक्षक-खोलीत सगळे हसले. बाईंनी ते ऐकलं, आणि पुढच्या रविवारपासून सकाळची बस पकडून त्या दुसऱ्या शहरातल्या शाळेत जायला लागल्या, बहिऱ्या मुलांना कसं शिकवतात ते शिकायला. बरोबर मला न्यायच्या. विचारलं नाही, नुसतं तिकीट हातात द्यायच्या. तीन वर्षं आम्हा दोघींना रविवार नव्हता. मागच्या सीटवर बसून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत, आवाज न काढता, 'पाटी', 'बाटी', 'माती' म्हणत असू. तीनही शब्दांना ओठ सारखेच हलतात. लोकांना वाटे दोघी खुळ्या आहेत.

शाळेचेच नियम बदलले. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. लिहून झालं की वळायचं, मग बोलायचं. तोंडावर उजेड पाहिजे. शास्त्राच्या मास्तरांच्या भरघोस मिशांनी वरचा ओठ झाकला जायचा. बाईंनी त्यांना कात्री दाखवली. मास्तर आठवडाभर रुसले, मग एका सोमवारी मिशी कापून आले आणि पोरांनी त्यांना ओळखलंच नाही. काडी हसली, आजारानंतर पहिल्यांदा.

दरवर्षी मला तिच्या वर्गाबरोबर वर ढकललं गेलं. काडी सहावीत तर मी सहावीची वर्गशिक्षिका, ती सातवीत तर मी सातवीची. शालान्त परीक्षेपर्यंत. शिवाय बाई स्वतः रोज सकाळी प्रत्येक वर्गात येऊन डोकी मोजायला लागल्या. हजेरीपट हातात, पण नजर बाकांवर. माझ्या वर्गात त्यांचं बोट मुलांवरून फिरायला लागलं की माझी मान खाली जाई. मला वाटे, ही शिक्षा आहे. रोज, थेंब थेंब. कधीकधी राग यायचा. एकदाचं बोला ना, काढा नोकरीवरून! पण बाई फक्त मोजायच्या आणि जायच्या.

काडी शिकली. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचं काम करते. आता स्वतःची प्रयोगशाळा आहे, हाताखाली चार माणसं आहेत. बाईंचे दात पडले तेव्हा बाईंची कवळी तिनेच केली, तीनदा मोडून पुन्हा केली. म्हणे, "बाई बिनदाताच्या बोलल्या तर मला काय कळणार?" शहरातल्या श्रीमंतांच्या तोंडातही तशी कवळी नसेल.

दोन महिन्यांपूर्वी बाई अंथरुणाला खिळल्या. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे धाकट्या बहिणीकडे होत्या. मी एका सकाळी गेले, बहीण चहा करायला आत गेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "बाई, त्या आठवड्यात हजेरी मी बघून भरली नव्हती."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्याच दुपारी पाहिली."

मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. "मग एकवीस वर्षं मला का जाळलंत? एकदा विचारलं असतं तर?"

"विचारलं असतं तर तुम्ही राजीनामा दिला असता. मला त्या पोरीसाठी गणिताची बाई हवी होती." त्या थांबल्या, दम लागत होता. "आणि मी कुठल्या तोंडाने विचारू? मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर मी तुमच्या वर्गावरून गेले होते. शेवटचा बाक रिकामा दिसला. मनात आलं, ही कधी चुकत नाही. कार्यालयात येऊन हजेरीपट पाहिला, तर 'ह'. म्हटलं, असेल मैदानावर. बुधवारीही बाक रिकामा. बुधवारीही 'ह'. डोळ्यांनी दिसत होतं, बाई, आणि मी कागदावर विश्वास ठेवला. तुम्ही न बघता चुकलात. मी बघून चुकले."

मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो सोडवून घेतला.

"मला सांगून काय उपयोग? माझे कान शाबूत आहेत. तिला सांगा."

"आणि तुमचं?"

"माझं मी बघेन."

त्यानंतर सात आठवडे मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि बाई गेल्या. 'माझं मी बघेन' म्हणजे त्या स्वतः तिला सांगणार होत्या, असं मी समजले. अंथरुणावरून कधी सांगणार? राहूनच गेलं असणार. म्हणजे आता दोन्ही गोष्टी माझ्या गळ्यात. माझी सांगितली तर माझी अब्रू जाईल, जाऊ दे. पण बाईंची सांगितली तर त्या पोरीकडे काय उरेल? उभ्या आयुष्यात तिने एका माणसावर भरवसा ठेवला होता.

शनिवारी साडेतीनला मी काडीला मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन गेले. नवे मुख्याध्यापक सभागृहात खुर्च्या लावून घेत होते. काडीने करड्या रंगाचा साधा कुर्ता घातला होता, बोटांना प्लास्टरचा पांढरा डाग होता. ती माझ्यासमोर बसली आणि सवयीने माझ्या ओठांकडे पाहू लागली. तिच्याशी बोलताना नजर चुकवता येत नाही. मान खाली घातली तर गोष्ट तिथेच थांबते.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. मधूनच सुरुवात केली, मागे गेले, चहाचा कप, मैदान, शुक्रवारची वही, सगळा गोपाळकाला झाला. अर्ध्यात हुंदका आला आणि मी पदर तोंडाला लावला. बाईंच्या रिकाम्या बाकाचं मात्र मी बोलले नाही. पदर काढल्यावर म्हटलं, "दोष माझा एकटीचा आहे. बाईंना काही माहीत नव्हतं." एकवीस वर्षांनी पुन्हा तेच, न बघता टाकलेला 'ह'.

काडीचा चेहरा दगडासारखा होता. तेवढ्यात कोणीतरी दार ढकलून तिला हाताने खूण केली, चला. ती उठून गेली.

मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. भाषणं झाली. एक जण म्हणाला, "बाईंचा तिसरा दिवस कधी, कधी म्हणजे कधीच चुकला नाही!" टाळ्या पडल्या, शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही भान नाही. मग काडी उभी राहिली. तिचा आवाज मोठा आणि सपाट आहे, काही अक्षरं घरंगळतात, पण त्या सभागृहात तिला समजून घ्यायला सगळे सरावलेले होते.

"चुकला," ती म्हणाली. "एकदा चुकला. माझ्या घरी बाई तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत, म्हणून मला ऐकू येत नाही."

मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात मांडीवर घेतले.

"शाळा संपली तेव्हा बाईंनी मला घरी बोलावलं आणि स्वतः सांगितलं. बाक रिकामा दिसला होता, तरी मी आले नाही, म्हणाल्या. माफी मागितली नाही. म्हणाल्या, माफी मागितली तर तुला द्यावी लागेल, तुझ्यावर ओझं नको. मी चार वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. त्या दर महिन्याला पत्र टाकायच्या. मी उत्तर द्यायची नाही, तरी टाकायच्या. त्या एकदा आल्या नाहीत, आणि मग कधी यायच्या थांबल्या नाहीत. त्यांना देवी करू नका. मला त्या माणूस म्हणून हव्या आहेत."

ती खाली बसली. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच बाईंनी आपलं सांगून टाकलं होतं. आणि मला ते कळू दिलं नाही, नाहीतर मी म्हटलं असतं, झालं, आता मी कशाला सांगू? त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

सभा संपली, माणसं पांगली. शिपाई खुर्च्या एकावर एक ठेवू लागला. मला उठवेना. काडी रांगेतून चालत आली, एक खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसली.

"मी तेव्हा बाईंना विचारलं होतं," ती म्हणाली, "हजेरीपटात काय होतं? कोणी भरला होता? त्या म्हणाल्या, ते मी सांगणार नाही, ते माझं नाही."

मी मान हलवली.

"बाईंना काही माहीत नव्हतं, असं तुम्ही मगाशी म्हणालात. ते खोटं. मी वाचलं." तिने माझ्याकडे बोट केलं नाही, आवाज चढवला नाही. "बाकीचं अर्धं मला कळलंच नाही. तुम्ही तोंड झाकलंत. रडताना ओठ वाचता येत नाहीत. आता परत सांगा. पहिल्यापासून, क्रमाने. रडायचं नाही."

"माफ करशील?" मी विचारलं.

"ते नंतर. आधी सांगा."

मी डोळे पुसले, मान वर केली, आणि सोमवारपासून सांगायला सुरुवात केली.